आधी श्वास सोडायला शिकावे

देवगड तालुक्यातील एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांचे वय ५७ वर्षे. घरची हापूसची बाग आहे, दोन्ही मुले मुंबईला असतात, घरी त्या आणि त्यांचे यजमान एवढेच. चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, आणि रात्री तीनच्या सुमारास एकदा जाग आली की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मनाला शांती मिळावी म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून कपालभाती, श्वास रोखून धरण्यासह अनुलोम-विलोम आणि त्यानंतर अर्धा तास ध्यान असा नेम सुरू केला. आता त्यांना मधूनच चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि ध्यानाला डोळे मिटले की बाग, मुले, फवारणीचा खर्च, सगळे एकदम समोर उभे राहते. त्या विचारतात, योग माझ्यासाठी नाहीच का? आणि असेल, तर सुरुवात कोठून करावी?

ताई, योग तुमच्यासाठी आहेच. तुमची निष्ठाही कोठे कमी पडलेली नाही. बागायतीच्या घरात रोज तासभर स्वतःसाठी काढणे किती अवघड असते, हे मी जाणते. चूक झाली आहे ती क्रमात. जे पुष्कळ काळाने यायचे ते तुम्ही पहिल्याच दिवशी घेतले, आणि जे सर्वांत आधी यायचे, म्हणजे श्वास सावकाश आणि निवांतपणे सोडणे, ते तुम्हाला कोणी शिकवलेच नाही. गेली २७ वर्षे मी मालवण-कुडाळ भागात योगाचे वर्ग घेते आहे, आणि अडचण घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत मला हेच आढळले आहे की श्वास कसा घ्यावा आणि किती रोखावा याचा त्यांनी पुष्कळ विचार केलेला असतो, पण तो सोडावा कसा, याकडे त्यांचे लक्षच गेलेले नसते.

म्हणून आजपासून दोन गोष्टी बंद करा. कपालभाती थांबवा आणि श्वास रोखणे थांबवा. त्याचबरोबर येत्या दोन-चार दिवसांत तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब तपासून घ्या आणि चक्कर येते हे त्यांना स्पष्ट सांगा. चक्कर प्राणायामामुळेच येते असे गृहीत धरू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही बसलेले माणूस एकदम उठले की डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि मात्रा बदलायची असेल तर तो निर्णय डॉक्टरांचाच असतो. योग सुरू केला म्हणून गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही, हे मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते आणि पुढेही पुनःपुन्हा सांगत राहते.

कपालभातीने मुंग्या का येतात, हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्यातून एक मोठा गैरसमज दूर होतो. जोरजोराने श्वास केल्यास शरीराला जास्त प्राणवायू मिळतो असे पुष्कळांना वाटते. वास्तविक निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य साध्या श्वासातही ९५ ते १०० टक्के भरलेलेच असते. त्यात आणखी भर पडायला फारशी जागा नसते. वेगाने श्वास केल्यावर बदलते ते दुसरेच. शरीरातील कर्बवायू गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, त्याचे रक्तातील प्रमाण घटले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि मग डोके हलके होते, ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. काही जण या हलकेपणालाच सिद्धीची खूण समजतात. ती खूण नव्हे, शरीराची तक्रार आहे. कपालभाती ही मुळात शुद्धिक्रिया आहे. हठयोगाच्या परंपरेत तिची गणना षट्कर्मांत होते, प्राणायामात होत नाही. रक्तदाब काबूत नसलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती करू नये.

श्वास रोखण्याविषयी मला थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी, पूरक (श्वास घेणे) एक, कुंभक (श्वास रोखणे) चार आणि रेचक (श्वास सोडणे) दोन हे प्रमाण वाचून मी ते हट्टाने साधू पाहत होते. महिनाभरात माझी झोप उडाली, बसल्या जागी छातीत धडधड होऊ लागली आणि घरातल्या लहानसहान आवाजाने मी दचकू लागले. ज्यांच्याकडे मी शिकत होते त्यांनी हे ऐकल्यावर कुंभक पूर्ण थांबवायला लावला आणि सहा महिने फक्त श्वास सोडण्याचा अभ्यास करून घेतला. त्या सहा महिन्यांत मी जे शिकले, तेच आजवर शिकवत आले आहे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात यासाठी दिलेला दाखला फार नेमका आहे: सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळूच वश होतो तसाच प्राणवायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. हा इशारा देणारा ग्रंथ कुंभकांचे आठ प्रकार शिकवणारा आहे, म्हणून त्याला जास्त वजन आहे.

आता करायचे काय, ते सांगते. पहिले काही दिवस बसून काहीच करू नका. पाठीवर निजा, दोन्ही गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवा, मान ताणली जाणार नाही एवढी पातळ घडी डोक्याखाली घ्या. एका कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरून ती पिशवी बेंबीवर आडवी ठेवा. श्वास नाकाने घ्या. पिशवी वर उचलली जाईल. श्वास नाकानेच सोडा. पिशवी खाली जाईल. पोट मुद्दाम फुगवायचे नाही आणि आत ओढायचेही नाही. छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे, तो आकुंचन पावून खाली सरकला की फुप्फुसांत हवा भरते आणि पोट आपोआप वर येते. धास्तावलेले माणूस या स्नायूऐवजी मान आणि खांद्यांच्या स्नायूंनी वरवरचा श्वास घेते, त्यामुळे दिवस संपेपर्यंत मान दगडासारखी होते. पिशवीचे वजन तुमचे लक्ष योग्य जागी आणून ठेवते, एवढेच तिचे काम. माझ्याकडे एक खलाशी यायचे, मासेमारी बंदीच्या जून-जुलै महिन्यांत. पंचवीस वर्षे जाळी ओढून त्यांची पाठ आणि कंबर इतकी आखडलेली होती की मांडी घालणे त्यांना शक्यच नव्हते. त्या दोन महिन्यांत त्यांनी निजूनच सगळा अभ्यास केला, आणि मांडी घालून बसणाऱ्या कितीतरी जणांपेक्षा त्यांचा श्वास अधिक संथ झाला.

श्वास असा पोटापर्यंत पोहोचू लागला, की सोडण्याकडे वळा. घेण्यापेक्षा सोडणे थोडे लांबवा. मनात तीन मोजत घ्या आणि पाच मोजत सोडा. आठवड्याने चार आणि सहा करा. सोडताना फुप्फुसे पिळून रिकामी करण्याचा प्रयत्न करू नका. कितीही जोर लावला तरी एक-सव्वा लिटर हवा आत राहतेच, शरीराची रचनाच तशी आहे. श्वास सुटून गेल्यावर पुढचा श्वास घेण्याची घाई न करता क्षणभर थांबायला होते, तो विसावा आपोआप येऊ द्या. तो मोजायचा नाही आणि वाढवायचाही नाही.

हे सोडणे इतके महत्त्वाचे का आहे? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंद होतात. मनगटावर बोट ठेवून संथ श्वास केलात, तर कदाचित तुम्हालाही तो फरक जाणवेल. मेंदूकडून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी एक मोठी नस आहे, तिला व्हेगस म्हणतात. शरीराला विश्रांतीकडे नेणारे संदेश ती पोहोचवते, आणि श्वास सोडताना तिचा हृदयावरील प्रभाव वाढतो. म्हणजे लांब, शांत रेचक हा शरीराला दिलेला विसाव्याचा निरोप असतो, आणि तो निरोप शब्दांनी देता येत नाही. ‘शांत हो’ असे स्वतःला शंभर वेळा बजावूनही जे होत नाही, ते दहा लांब रेचकांनी होऊ लागते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. योगसूत्रांत पतंजलींनी चित्त प्रसन्न करण्याचे जे उपाय सांगितले त्यांत ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’ असे एक सूत्र आहे. त्यात धारण करणे आहे, हे खरे. पण त्याच्या आधी प्रच्छर्दन आहे, म्हणजे बाहेर सोडणे आहे. आणि त्याच पादात, म्हणजे प्रकरणात, थोडे आधी, चित्त विखुरले की त्याच्या सोबतीला काय काय येते, हे सांगताना त्यांनी दुःख, मनाची खिन्नता आणि अंगाचा कंप यांच्याबरोबर श्वास-प्रश्वासांचाही उल्लेख केला आहे. मनाची अवस्था श्वासात दिसते, म्हणूनच श्वासाच्या वाटेने मनापर्यंत जाता येते.

सेकंदाला एक आकडा धरला, तर चार मोजत घेणे आणि सहा मोजत सोडणे म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाचे ते १२ ते २० असतात. या सहाच्या लयीत एक विशेष आहे. २००१ साली इटलीतील संशोधकांनी जपमाळेवर म्हटली जाणारी लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींमध्ये तो मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्या लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्परतेने काम करते असे त्यांना दिसले. हे वाचल्यावर मला आमच्या घरची दिवेलागण आठवली. तुमच्याही घरी देवाजवळ दिवा लावून रामरक्षा म्हटली जात असेलच. ‘चरितं रघुनाथस्य शतकोटिप्रविस्तरम्’ ही सोळा अक्षरांची ओळ घाई न करता एका श्वासात म्हणून पाहा. बोलणे हे श्वास सोडतानाच होते, त्यामुळे प्रत्येक ओळ हा आपोआप झालेला लांब रेचक असतो, आणि ओळ संपल्यावर श्वास झटकन व पुरेसा आत येतो. आकडे मोजण्याचा ज्यांना ताण येतो त्यांना मी हाच अभ्यास देते. अट एकच, की रामरक्षा उरकायची नाही. अर्धीच म्हणा, पण एका श्वासाला एकच ओळ म्हणा.

अनुलोम-विलोम तुम्हाला करायचा असेल, तर तीन आठवड्यांनंतर, श्वास अजिबात न रोखता, पाच मिनिटे करा. एक नाकपुडी बंद वाटली तर घाबरू नका. नाकातील अस्तर काही तासांच्या फेऱ्याने कधी उजवीकडे तर कधी डावीकडे किंचित फुगते, हा निसर्गाचाच क्रम आहे. आपल्या परंपरेने त्यालाच चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हटले. जी नाकपुडी मोकळी व्हावी असे वाटते ती वरच्या बाजूला येईल अशा रीतीने पाच मिनिटे कुशीवर निजले, तर बहुधा ती मोकळी होते. ओढून-ताणून त्या नाकपुडीने श्वास घेऊ नये. भ्रामरी मात्र तुम्ही लगेच सुरू करू शकता. ओठ मिटून, दात एकमेकांना न टेकवता, श्वास सोडताना भुंग्यासारखा मंद गुंजारव करायचा. कानात बोटे घातलीच पाहिजेत असे नाही. स्वीडनमधील संशोधकांना २००२ साली असे आढळले की गुणगुणत श्वास सोडताना नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट होते, म्हणजे नाकालगतच्या पोकळ्यांतील हवा गुणगुणण्याने चांगली खेळती होते. माझ्या दृष्टीने भ्रामरीचा मोठा गुण वेगळाच आहे. श्वास घाईने सुटला तर आवाज डळमळतो, आणि आपली घाई आपल्याच कानांना ऐकू येते.

शीतलीविषयी, म्हणजे जीभ दुमडून तिच्यावाटे श्वास आत घेण्याच्या प्राणायामाविषयी, पुष्कळ जणी उन्हाळ्यात विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. जिभेवरील ओलावा हवेत उडून जातो म्हणून शीतलीत गारवा लागतो. आपल्या किनाऱ्यावर वैशाखात हवाच दमट असते, तेव्हा देशावरच्या कोरड्या उन्हात जेवढा गारवा मिळतो तेवढा येथे मिळणार नाही. जीभ दुमडता येणे जन्मजात रचनेवरही अवलंबून असते. आली नाही तर हट्ट करू नये.

जागेबद्दल माझे मत ऐकून बाहेरून येणाऱ्यांना आश्चर्य वाटते. समुद्रकिनारी प्राणायाम करणे त्यांना फार मोलाचे वाटते. किनाऱ्यावर चालावे, सूर्यास्त पाहावा, मन मोकळे करावे, पण श्वासाचा आणि ध्यानाचा अभ्यास घरात करावा. किनाऱ्यावर वारा सतत तोंडावर येतो, उजेड डोळ्यांवर येतो, वाळूत बैठक स्थिर राहत नाही, आणि येणारी-जाणारी माणसे पाहत असतात ते वेगळेच. हठप्रदीपिकेत साधकाच्या कुटीचे वर्णन आहे. दार लहान, भोके आणि खड्डे नाहीत, जमीन शेणाने नीट सारवलेली, किडामुंगी नाही. हे वर्णन मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा मला आजीच्या घरचे माजघरच डोळ्यांसमोर दिसले. तुमच्या चिऱ्याच्या घरात असा एखादा अर्धवट उजेडाचा कोपरा निश्चित असेल. रात्री निजानीज झाल्यावर समुद्राची गाज तेथे ऐकू येत असेल तर ती अवश्य ऐका. दूरची गाज मनाला धरून ठेवते. मात्र पावसाळ्यात जमिनीला ओल असते, तेव्हा नुसत्या चटईवर निजू नका. खाली लाकडी फळी किंवा बाकडे आणि वर जाड घोंगडी घ्या. कोंदट, बुरशी धरलेल्या खोलीत किंवा जेथे चुलीचा धूर येतो तेथे दीर्घ श्वासाचा अभ्यास करू नये. दमा असलेल्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

शरीराकडेही पाहिले पाहिजे. ‘दिवसभर बागेत आणि घरात राबते, मला व्यायामाची काय गरज’ असे आपल्याकडील स्त्रिया म्हणतात, आणि त्यांचे कष्ट मी पाहिलेले आहेत. पण हे कष्ट एकांगी असतात. वाकून लावणी करायची, वाकून झाडायचे, वाकून आंबे निवडायचे. पाठ दिवसभर पुढेच झुकलेली असते, मागे कधी जात नाही. म्हणून तुम्हाला हवीत ती पाठ मागे नेणारी आणि छाती उघडणारी साधी आसने. भिंतीला पाठ लावून ताडासन, पालथे निजून सौम्य भुजंगासन (तळहातांवर फार जोर न देता), पाठीवर निजून सेतुबंधासन, आणि मग एकेका पायाचे पवनमुक्तासन, गुडघा दुखत नसेल एवढेच दुमडून. गुडघ्यांसाठी खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडीचा स्नायू घट्ट करून पाच मोजेपर्यंत धरावा आणि सावकाश खाली आणावा, असे प्रत्येक पायाने दहा वेळा. हे कोणत्या ग्रंथातील आसन नाही, पण गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूचा असतो, आणि तो बळकट झाल्याशिवाय गुडघ्याची वेदना हटत नाही. वज्रासन आणि पद्मासन तूर्त नकोत. शीर्षासन-सर्वांगासनाचा तर विचारही करू नका. रक्तदाब असलेल्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली येणारी आसने टाळावीत. भिंतीला एका हाताने धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव मात्र रोज करा. पावसाळ्यात अंगणातील चिऱ्यांवर शेवाळ धरते, आणि तुमच्या वयाच्या स्त्रियांना पडण्यापासून वाचवणारी गोष्ट म्हणजे पायांतील तोल.

प्रत्येक आसनात तपासायचे ते एवढेच, की श्वास सहज चालू आहे का. श्वास अडकला, दात आवळले गेले, की समजावे, आपण मर्यादा ओलांडली. ‘स्थिरसुखमासनम्’ या सूत्रानंतर लगेच प्रयत्न शिथिल करण्याविषयीचे सूत्र येते, ते पुष्कळ जण वाचायचे विसरतात.

वेळेविषयी तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या दिनक्रमावरून मला अंदाज येतो. ब्राह्ममुहूर्त उत्तम असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहाटे उठल्यावर चहा कोणी तरी हातात आणून देत असते. घरातील स्त्रीची पहाट स्वयंपाकघराने आधीच मागून घेतलेली असते, आणि मग ती घड्याळाकडे डोळे लावून प्राणायाम उरकते. त्यापेक्षा ज्या वेळी कोणी हाक मारणार नाही ती वेळ तुमची. सकाळच्या पेजेनंतर दोन तास आणि दुपारच्या जेवणानंतर साडेतीन-चार तास गेलेले असावेत, एवढे पथ्य पुरे. दिवेलागणीच्या आधीचा अर्धा तास आपल्या भागातील बहुतेक घरांत मोकळा मिळतो. यजमानांना स्पष्ट सांगा, की त्या वेळेत फोन आला तर तो त्यांनी घ्यावा.

आता ध्यान. डोळे मिटल्यावर सगळे समोर येते, ही तुमची तक्रार मला सर्वांत आशादायक वाटली. ते विचार ध्यानामुळे आलेले नाहीत. ते दिवसभर होतेच. कामाच्या गडबडीत ते दिसत नव्हते. पावसाळ्यात गढूळ झालेल्या विहिरीत काय आहे ते पाणी निवळल्यावरच दिसते. अडचण अशी झाली, की थकलेल्या शरीराने आणि कुंभकाने चाळवलेल्या मनाने तुम्ही एकदम अर्धा तास बसलात. ध्यान पुन्हा सुरू कराल तेव्हा दहा मिनिटे पुरे आहेत, आणि तीही श्वासाच्या अभ्यासानंतर, पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसून, पावले जमिनीला टेकवून. ध्यान मांडी घातल्यावरच लागते असे नाही.

आधाराला सोऽहं घ्या. श्वास आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हं’, असे उच्चार न करता फक्त ऐकायचे. आपल्या किनाऱ्यावर या साधनेची मोठी परंपरा आहे. रत्नागिरीजवळ पावस येथे राहिलेले, १९७४ साली समाधिस्थ झालेले स्वामी स्वरूपानंद नाथपरंपरेतील याच सोऽहं साधनेचा उपदेश करीत. त्यांनी आश्रमाचा डामडौल उभारला नाही. एका घरात, एका खोलीत राहून ते साधना करीत राहिले, आणि प्रपंचात राहणाऱ्यांना त्यांनी प्रपंच सोडायला सांगितले नाही. परंपरा सांगते की माणसाचे दिवसरात्रीत २१,६०० श्वास होतात आणि तितकाच हा अजपाजप होतो. भागाकार करून पाहिलात तर मिनिटाला बरोबर पंधरा येतात, म्हणजे आजच्या मोजमापाशी ते जुळते. मला या आकड्यापेक्षा त्यामागची दृष्टी मोलाची वाटते. जप तुम्हाला करायचा नाही, तो चाललेलाच आहे; तुम्ही फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायचे.

लक्ष जाईल. दहा मिनिटांत पन्नास वेळा जाईल. मोहोरावर तुडतुडे पडल्याचे आठवेल, धाकट्याचा फोन आला नाही हे आठवेल. आठवल्याचे लक्षात आले, की स्वतःवर न रागावता पुढच्या ‘हं’वर परत यायचे. हे परत येणे म्हणजेच अभ्यास. पन्नास वेळा गेले आणि पन्नास वेळा परत आले, तर ती बैठक उत्तम झाली असे समजा. जे विचार रोज तेच ते येतात त्यांच्यासाठी ध्यानाच्या आधी पाच मिनिटे वही घेऊन बसा आणि उद्या कोणाला फोन करायचा, औषध कधी आणायचे, मजुरी किती द्यायची, हे लिहून टाका. कागदावर उतरलेले काम मन पुन्हा पुन्हा आठवून देत नाही. अवकाळी पावसाची चिंता मात्र कागदाने जात नाही, आणि ध्यानानेही जाणार नाही. जिची वर्षाची कमाई झाडावर लटकलेली आहे तिला आभाळ भरून आल्यावर काळजी वाटणारच. अभ्यासाने एवढे होते, की पाऊस पडून गेल्यावरही चार दिवस छातीत तीच धडधड राहत नाही.

डोळे मिटल्यावर केवळ विचार न येता जुने दुःख उसळून येत असेल, रडू आवरत नसेल, किंवा जगण्याचीच इच्छा राहिली नाही असे वाटत असेल, तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. यात कमीपणा मानू नये. अशा वेळी डोळे उघडे ठेवून चालणे, गाणे म्हणणे, माणसांत बसणे हे ध्यानापेक्षा हितकारक असते. तसेच छातीत दुखणे, आडवे झाल्यावर धाप लागणे, बोलणे अडखळणे अशा वेळी कोणताही प्राणायाम करीत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आता रात्री तीनला जाग येण्याविषयी. जाग आली की प्रथम घड्याळ आणि मोबाइल पाहू नका. कुशीवर वळा, आणि मनातल्या मनात रामरक्षेची एकेक ओळ एकेका लांब रेचकावर म्हणा. अंदाजे वीस मिनिटांनी झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून पडवीत खुर्चीवर मंद उजेडात बसा, आणि डोळे जड झाले की परत या. अंथरूण आणि तळमळ यांची सांगड मनात बसू देऊ नये. दुपारची झोप अर्ध्या तासाहून जास्त नको, आणि चारनंतरचा चहा सोडा. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर असावे. उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी आपल्या घरी असतेच. मासे सोडलेच पाहिजेत का, असेही काही जण मला विचारतात. मी तसे सांगत नाही, पण रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी, पापड आणि लोणचे यांतील मिठाकडे लक्ष ठेवावे. संथ श्वासाच्या नियमित अभ्यासाने रक्तदाब थोडासा उतरू शकतो, मात्र मिठाची चूक तो अभ्यास भरून काढणार नाही.

फळ किती दिवसांत मिळेल, याला माझ्याजवळ ठराविक आकडा नाही. पतंजलींनी दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने, असे तीन शब्द वापरले आहेत. त्यांतला आदर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गौरी-गणपतीला मुले-नातवंडे घरी येतील, आठ-दहा दिवस तुम्हाला बसायला मिळणार नाही, तेव्हा निजल्यावर अंथरुणातच दहा लांब रेचक करा आणि तेवढ्यावर समाधान माना. आंब्याच्या हंगामात पेट्या भरण्याच्या धांदलीतही तेच करा. नेम मोडला म्हणून दुप्पट वेळ बसून त्याची भरपाई करू नका.

पहिले पंधरा दिवस तुम्ही एवढेच करा: तांदळाच्या पिशवीसह दहा मिनिटे निजून श्वास, पाच-सात वेळा भ्रामरी, दिवेलागणीला एका श्वासाला एक ओळ या चालीने रामरक्षा, आणि गुडघ्यांचा तो खुर्चीवरचा व्यायाम. ध्यान पंधरा दिवसांनंतर जोडा. जवळ एक वही ठेवा. तिच्यात रोज तीन नोंदी असू द्या: रात्री किती वाजता जाग आली, दिवसात चक्कर आली का, आणि सकाळी अंथरुणावर बसून मिनिटाला किती श्वास भरले. आठवड्यातून दोनदा रक्तदाब मोजून तोही तेथेच लिहा. पंधरा दिवसांनी ती वही आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मग मला कळवा. अनुलोम-विलोम कधी जोडायचा हे त्या नोंदी पाहून ठरवू.